ग्लास ट्रान्झिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात लग्नाचे हायलाइट, बारशी, सोसायटीच्या गणपतीचे व्हिडिओ असलं सगळं एडिट करते, आणि "ताई ती काच सरकते तसलं कसं केलंत" हा मेसेज काही थांबत नाही, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. घाई असेल तर थेट आपला प्रश्न गाठा, उत्तर दुसरीकडे असेल तिथे नंबर टाकलाय. आकडे सगळे १९२० बाय १०८० पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनचे (क्लिप ओळीने मांडतो ती जागा) आहेत. तुमची टाइमलाइन वेगळी असेल तर त्या हिशोबात कमी-जास्त करा.

१. ग्लास ट्रान्झिशन म्हणजे नेमकं काय? साध्या वाइपपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

वाइपमध्ये एक रेघ सरकते, अलीकडे नवा शॉट, पलीकडे जुना. ग्लासमध्ये त्या रेघेच्या जागी काचेची पट्टी सरकते, पट्टीच्या आत चित्र थोडं मोठं आणि थोडं वाकडं दिसतं, कडेला उजेडाची बारीक रेघ चमकते, आणि पट्टी पुढे गेली की मागे नवा शॉट उभा. म्हणजे मुळात वाइपच आहे, वर काच बसवलीये. शॉट बदलणं हे एक काम आणि काच दाखवणं हे दुसरं काम, ही दोन वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. दोन्ही एकाच इफेक्टमधून उरकायला गेलं की बहुतेकजण तिथेच अडकतात.

२. कुठलं सॉफ्टवेअर लागेल? फुकटात होईल का?

होईल. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, त्यात फ्यूजन (इफेक्ट बनवायचा भाग) आतच आहे आणि ३८४० बाय २१६० पर्यंत एक्स्पोर्ट मिळतो, आपल्या हॉलच्या लग्नांना त्याहून जास्त कोणी मागत नाही. प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्सला भाडं भरावं लागतं. माझं रोजचं काम प्रीमियरवर आहे म्हणून त्याचं उत्तर मोठं आहे (प्रश्न ४), सगळ्यात छान काच आफ्टर इफेक्ट्समध्ये होते (प्रश्न ५), रिझॉल्व्हवाल्यांनी ६ वाचा, मोबाईलवाल्यांनी ७. पण ३ सगळ्यांनी वाचा, प्लीज.

३. सगळं ट्यूटोरियलप्रमाणे केलं तरी काच वाटतच नाही, नुसती ब्लरची पट्टी फिरल्यासारखी वाटते. असं का?

कारण तुम्ही दुधी काच बनवलीत. ब्लर म्हणजे दुधी काच, बाथरूमच्या खिडकीची, आणि तुम्हाला हवीये ती स्वच्छ काच.

घरात काचेचा टीपॉय असेल तर त्याच्याकडे नीट बघा. मधून बघितलं तर खाली ठेवलेला पेपर जसाच्या तसा वाचता येतो, अक्षर जराही वाकडं होत नाही. काच आहे हे कळतं ते कडेमुळे. कडेतून बघितलं की पाठीमागची फरशीची रेघ तुटून भलतीकडेच दिसते, आणि कड स्वतः हिरवट असते, काचेत जो थोडासा लोहाचा अंश असतो ना त्याच्यामुळे. सपाट काचेत प्रकाश आत शिरताना वाकतो आणि बाहेर पडताना तेवढाच उलटा वाकतो, म्हणून मधलं चित्र फक्त किंचित सरकतं. कडेला मात्र दोन पृष्ठभाग समांतर नसतात, तिथे तो वाकतो तो वाकतोच. काचेचा वक्रीभवनांक साधारण १.५, पाण्याचा १.३३, म्हणून काचेची कड पाण्यापेक्षा जोरात वाकवते.

आता हे एडिटमध्ये आणायचं. पट्टीचा मधला भाग जवळजवळ साफ ठेवा, स्केल १०४ ते १०६, बस. सगळा वाकडेपणा दोन्ही कडांच्या अरुंद भागात ढकला, पट्टी ५०० पिक्सेल रुंद असेल तर दोन्हीकडचे ४०-५० पिक्सेल. एका कडेला पांढरी रेघ, दुसऱ्या कडेला काळपट, दोन्हीकडे पांढरी टाकलीत की ती फोटोची फ्रेम दिसायला लागते. आतल्या भागाला अगदी पुसट हिरवट छटा, इतकी पुसट की इफेक्ट बंद केल्यावरच होती हे कळावं. ब्लर टाकूच नका, टाकायचाच झाला तर शेवटी आणि थोडासाच.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा एवढ्यानेच मिटतात.

४. प्रीमियरमध्ये कसं करायचं? अगदी पहिल्यापासून सांगा.

पहिली क्लिप व्ही-१ वर (म्हणजे व्हिडिओचा पहिला ट्रॅक), दुसरी व्ही-२ वर, आणि दोघींचा २० फ्रेमचा भाग एकावर एक येऊ द्या. व्ही-३ वर तेवढ्याच लांबीचा ॲडजस्टमेंट लेयर (रिकामा लेयर, त्यावरचा इफेक्ट खालच्या सगळ्याला लागतो), प्रोजेक्ट पॅनलमध्ये न्यू आयटमखाली मिळतो. व्ही-४ वर ग्राफिक म्हणून एक उभा पांढरा आयत, रुंदी ५०० च्या आसपास, उंची फ्रेमपेक्षा जास्त, आणि ५-६ डिग्री तिरका.

आता ॲडजस्टमेंट लेयरवर ट्रान्सफॉर्म इफेक्ट टाका, स्केल १०५. मग ट्रॅक मॅट की टाका आणि मॅट म्हणून, म्हणजे इफेक्ट कुठे दिसायचा ते ठरवणारा आकार म्हणून, व्ही-४ निवडा. झालं, वाढलेलं चित्र फक्त त्या आयताच्या आत दिसायला लागेल. व्ही-४ च्या आयताच्या पोझिशनला दोन कीफ्रेम (अमुक फ्रेमला अमुक आकडा अशी खूण) द्या, सुरुवातीला पूर्ण डावीकडे फ्रेमच्या बाहेर, शेवटी पूर्ण उजवीकडे बाहेर. पहिल्या कीफ्रेमवर राइट क्लिक करून ईज आउट, दुसऱ्यावर ईज इन, नाहीतर काच ढकलगाडीवरून चालल्यासारखी एकसुरी जाते.

शॉट बदलायला व्ही-२ च्या क्लिपवर क्रॉप टाका. राइट १०० वर असेल तर क्लिप दिसत नाही, ० वर पूर्ण दिसते. आता एकेक फ्रेम पुढे जात बघा, पट्टीचा मध्य फ्रेममध्ये शिरतो तिथे १०० ची कीफ्रेम, बाहेर पडतो तिथे ० ची. मधल्या फ्रेममध्ये क्रॉपची कड पट्टीच्या आतच राहिली पाहिजे. थोडी पुढे-मागे झाली तरी चालतं, काचेच्या आत लपते, पण पट्टीच्या बाहेर डोकावली तर मध्ये एक कीफ्रेम वाढवा.

कडांसाठी व्ही-४ चा आयत व्ही-५ आणि व्ही-६ वर कॉपी करा म्हणजे हालचालही सोबत येते, मग आतल्या आयताची रुंदी ३-४ पिक्सेल करून एक डाव्या कडेवर बसवा, एक उजव्या. पांढऱ्या रेघेचा ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळायची पद्धत) स्क्रीन, ओपॅसिटी ५० च्या आसपास, काळीचा मल्टिप्लाय, ओपॅसिटी ३०.

यात कडेचा खरा वाकडेपणा येत नाही हे खरंय. तो हवा असेल तर ॲडजस्टमेंट लेयर अजून एकदा वर कॉपी करा, त्याचं स्केल १२० करा, आणि त्याला कडेपुरता ४० पिक्सेलचा वेगळा मॅट द्या. कटकट आहे, पण एकदा बनवलं की पुन्हा पुन्हा वापरता येतं, ते १८ मध्ये.

५. आफ्टर इफेक्ट्समध्ये डिस्प्लेसमेंट मॅप लावला की अख्खा व्हिडिओच बाजूला सरकतो, पट्टी दिसतच नाही.

तुमच्या मॅपचं बॅकग्राउंड काळं आहे. डिस्प्लेसमेंट मॅप रंगाच्या उजळपणावरून ठरवतो कुठला पिक्सेल किती सरकवायचा, बरोबर मधला करडा म्हणजे १२८ असेल तर शून्य सरक, २५५ असेल तर एका दिशेला पूर्ण, ० असेल तर उलट दिशेला पूर्ण. काळं म्हणजे "काहीच करू नको" असं आपण समजतो, त्याच्या हिशोबात ते "पूर्ण सरकव" असतं.

म्हणून मॅपसाठी वेगळा प्रीकॉम्प (मेन कॉम्पच्या आत ठेवायची वेगळी कॉम्पोझिशन) करा, खाली १२८ चा करडा सॉलिड, वर पट्टी. पट्टीच्या आत आडवा ग्रेडियंट, एका कडेला काळा, मध्ये करडा, दुसऱ्या कडेला पांढरा, आणि करडा भाग ऐसपैस ठेवा, काळा-पांढरा फक्त कडांना. वरून थोडा गॉशियन ब्लर. मग मेन कॉम्पमध्ये ॲडजस्टमेंट लेयरवर डिस्प्लेसमेंट मॅप, हॉरिझॉन्टलला ल्युमिनन्स, मॅक्सिमम ४० ते ८०, व्हर्टिकलला ०. मॅपचा प्रीकॉम्प टाइमलाइनमध्ये ठेवायचा पण त्याचा डोळा बंद. पट्टी प्रीकॉम्पच्या आत हलवा, बाहेर अख्खा प्रीकॉम्प हलवू नका.

प्रोजेक्ट ८ बिटवर असेल तर १६ बिट करा. ८ बिटमध्ये करड्याच्या मोजून २५६ पायऱ्या, त्यामुळे मोठ्या सरकीला चित्रात जिना दिसतो. लोक हा जिना ब्लरने लपवायला जातात आणि परत प्रश्न ३ वर येतात.

चमक आयती हवी असेल तर सीसी ग्लास बघा, त्यात बम्प मॅप म्हणून हाच प्रीकॉम्प देता येतो आणि लाइटची दिशा वेगळी मिळते. सीसी ग्लास वाइपसुद्धा आहे, तो मात्र वितळल्यासारखा दिसतो, पट्टीचा फील त्यात नाही.

६. रिझॉल्व्हमध्ये कुठे मिळेल हे?

दोन्ही क्लिप एकावर एक ठेवा, दोन्ही सिलेक्ट करून राइट क्लिक, न्यू फ्यूजन क्लिप. फ्यूजन पेजवर दोन मीडिया इन आणि एक मर्ज असे नोड (एकमेकांना जोडायच्या चौकटी) दिसतील. मर्जच्या पुढे डिस्प्लेस नोड लावा, त्याच्या हिरव्या इनपुटला मॅप जोडा, मॅप म्हणजे बॅकग्राउंड नोड आणि त्याला रेक्टँगल मास्क (तेवढाच भाग दाखवणारा आयत), मास्कच्या सेंटरला कीफ्रेम. डिस्प्लेसचा प्रकार आधी रेडियल असतो तो एक्सवाय करा, कारण रेडियल सगळं मध्यापासून बाहेर फेकतो, आपल्याला फक्त आडवं हवंय. रिफ्रॅक्शन अगदी थोड्यापासून सुरू करा, स्लायडर जरा हलला की चित्र कुठच्या कुठे जातं. त्याच नोडमध्ये लाइट पॉवर आहे, तो मॅपच्या उंचसखलपणावरून कडांवर उजेड-अंधार पाडतो, वेगळी पांढरी रेघ काढायची गरज पडत नाही. शॉट बदलायला वरच्या मीडिया इनच्या मर्जला दुसरा रेक्टँगल मास्क.

७. मोबाईलवर जमेल का? लॅपटॉप नाहीये माझ्याकडे.

ज्या ॲपमध्ये लेयर, मास्क आणि कीफ्रेम तिन्ही आहेत त्यात जमेल. दुसरी क्लिप लेयर म्हणून वर, तिला आयताकृती मास्क. मग त्याच क्लिपची अजून एक कॉपी त्याच्यावर, जराशी मोठी केलेली, तिला अरुंद मास्क, आणि दोन्ही मास्क एकत्र सरकवा. कड म्हणून पांढऱ्या रेघेचा पीएनजी. कडेचा वाकडेपणा येणार नाही पण फोनच्या स्क्रीनवर १५ फ्रेममध्ये कोणी बघायला थांबत नाही. अलाइट मोशनसारख्या ॲपमध्ये इफेक्ट जास्त आहेत, हात बसला तर तिथे बरंच काही होतं.

८. किती फ्रेमचं ठेवू?

२५ च्या टाइमलाइनवर १४ ते १८, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आत. ३० वर १७ ते २२. हळू गाण्यावर २५ फ्रेमपर्यंत चालतं. प्रश्न ४ मध्ये २० सांगितलंय ते शिकताना दिसावं म्हणून, नंतर कमी करा.

९. ट्रान्झिशन लावलं की "इन्सफिशियंट मीडिया" येतं.

क्लिप तुम्ही टोकापर्यंत वापरलीये, पुढे फुटेजच उरलेलं नाही, म्हणून ते शेवटचा फ्रेम परत परत दाखवणार असं सांगतंय. २० फ्रेमचं ट्रान्झिशन कटच्या मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना १० फ्रेम जास्तीचे लागतात. शूटवाल्यांना सांगून ठेवा, क्षण संपल्यावर दोन-तीन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा. अक्षता पडल्या की लगेच कॅमेरा खाली घेणारे फार आहेत आपल्याकडे.

१०. पट्टी कडेला पोचली की काळी चीर दिसते. ती कशी घालवू?

चित्र सरकलं आणि त्याच्या पलीकडे पिक्सेलच नाहीत, म्हणून काळं. सोपा उपाय, खालच्या दोन्ही क्लिप त्या भागापुरत्या १०५ स्केलवर. डोकी कापली जात असतील तर आफ्टर इफेक्ट्समध्ये मोशन टाइल टाका, आउटपुट विड्थ १५० आणि मिरर एजेस चालू, म्हणजे कडेबाहेर आरशासारखं चित्र भरतं. टर्ब्युलंट डिस्प्लेस वापरत असाल तर त्यातलं पिनिंग सगळ्या कडांवर ठेवा.

११. ती उभ्या रेघांची काच असते ना, ऑफिसच्या पार्टिशनला, तसं ट्रान्झिशन करता येतं का?

येतं, आणि खरं सांगू का, मला साध्या पट्टीपेक्षा हेच आवडतं. इंटिरियरवाले तिला फ्लुटेड ग्लास म्हणतात. तिची प्रत्येक रेघ म्हणजे एक उभं गोलसर भिंग, त्यामुळे चित्र उभ्यात नीट राहतं आणि आडव्यात प्रत्येक रेघेत वेगळं दाबलं जातं, काही काही तर दोनदा दिसतं.

मॅप बनवायचा तो प्रश्न ५ सारखाच, फक्त एका पट्टीच्या जागी २०-२५ बारीक पट्ट्या, प्रत्येकीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट. एक पट्टी बनवा आणि कॉपी करत जा. इथे मध्ये करडा ऐसपैस ठेवायचा नाही, ग्रेडियंट सरळ टोकापासून टोकापर्यंत, कारण ही काच सपाट नाहीच. पट्ट्या जागेवरच राहू द्या आणि डिस्प्लेसमेंटचा आकडा ० वरून १२० आणि परत ० करा, सर्वात वर असतो तिथे खाली शॉट बदला, साधा कट. इतकं वाकलेलं असतं की कट दिसत नाही, वाइप करायची गरजच नाही.

१२. इफेक्टऐवजी खरी काच वापरून शूट केलं तर?

तर उत्तमच. काचेच्या दुकानात कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, फ्लुटेडचा वीतभर तुकडा मागून घ्या आणि कडा घासून द्यायला सांगा, न घासलेली काच कॅमेऱ्यापाशी हातात धरायची नाही. लेन्सच्या अगदी जवळ धरून शॉटच्या शेवटी डावीकडून उजवीकडे नेली, पुढच्या शॉटच्या सुरुवातीला तशीच डावीकडून आणली, की कट काचेच्या आत करता येतो.

लग्नात तर काच तिथेच असते, नवरीचा हिरवा चुडा. दोन-तीन बांगड्या मागून घ्या, लेन्ससमोर तिरक्या धरा, फोकस लांब चेहऱ्यावर ठेवा आणि ॲपर्चर उघडा. बांगडीची कड विरघळते आणि कडेला हिरवा उजेड पसरतो. मोबाईलच्या टॉर्चने बाजूने उजेड मारलात तर त्यावरची सोनेरी नक्षी चमकून जाते, तेवढा एक फ्रेम कटला पुरतो. असला हिरवा सॉफ्टवेअरमध्ये बनवायला बसलात तर संध्याकाळ जाईल.

नुसती चमक हवी असेल तर रात्री दिवे बंद करून काळ्या कापडासमोर काच फिरवत टॉर्चने शूट करा आणि ते फुटेज स्क्रीन मोडमध्ये वर टाका. काळं आपोआप नाहीसं होतं.

१३. आकाश किंवा भिंतीच्या शॉटवर काच दिसतच नाही. सेटिंग तर तेच आहे.

सेटिंगचा दोष नाही. काचेला स्वतःचं रूप नसतं, ती मागचं चित्र वाकवून दिसते, आणि मागे वाकवण्यासारखं काही नसेल तर काय वाकवणार. पाडव्याच्या स्वागतयात्रेचा तलावपाळीचा शॉट घ्या, ढोल, भगवे झेंडे, फेटे, नऊवारी, तिथे काच अशी काही खुलते. पावसाळ्यात पाम बीच रोडवरून घेतलेलं करडं आभाळ किंवा नेरूळच्या खाडीतले लांबचे फ्लेमिंगो असतील तर पट्टी गायब. तिथे कडेच्या रेघा जाड करा, हिरवट छटा वाढवा, नाहीतर सरळ साधा कट मारा. अंधाऱ्या हॉलचंही तेच, तिथे पांढऱ्या रेघेवरच सगळा भार असतो.

एक शॉट भरगच्च आणि एक रिकामा असेल तर भरगच्चवाला जास्त वेळ काचेखाली राहील अशा बेताने कट पुढे-मागे करा.

१४. पट्टी कुठल्या दिशेने न्यायची?

शॉटमध्ये जी हालचाल आहे तिच्यासोबत. कॅमेरा उजवीकडे पॅन होतोय तर काचही उजवीकडे. दोन शॉट उलट दिशेने हलत असतील तर तिथे ग्लास नकोच.

अंतरपाटाचं विशेष विचारतात म्हणून सांगते. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण स्वतःच एक वाइप आहे, त्याच्यावर काच चढवली तर दोन पडदे होतात आणि नवरा-नवरीचे डोळे भेटतात ते नेमकं झाकलं जातं. तिथे काही करू नका. काच त्याच्या आधी वापरा, मुंडावळ्या बांधतानाच्या शॉटवरून मांडवात येताना वगैरे.

१५. नवरा-नवरीची नावं पण काचेत वाकडी होतात.

टायटल ॲडजस्टमेंट लेयरच्या खाली आहे, ते वरच्या ट्रॅकवर न्या. ॲडजस्टमेंट लेयर आपल्या खालचं सगळं धरतो, वरचं सोडतो. नावांवरूनही काच जावी असं मुद्दाम हवं असेल तर खालीच ठेवा, जाड अक्षरात छान दिसतं, बारीक कॅलिग्राफीत वेलांट्या-उकार तुटतात.

१६. कडेला लाल-निळा रंग फुटलेला दिसतो तो कसा आणतात?

काच निळ्याला लालपेक्षा जास्त वाकवते. म्हणून तीन चॅनल वेगळे करा आणि डिस्प्लेसमेंट लालला कमी, हिरव्याला मधला, निळ्याला जास्त द्या, ५०, ५३, ५६ असा काहीतरी फरक. बरेच प्रीसेट लाल एकीकडे आणि निळा दुसरीकडे फेकतात, तेही अख्ख्या चित्रावर, ते खराब झालेल्या टीव्हीसारखं दिसतं. रंग फक्त कडेला फुटू द्या.

१७. टाइमलाइन इतकी अडकते की नीट बघताच येत नाही.

प्रीमियरमध्ये ट्रान्झिशनपुरता इन-आउट (सुरुवात आणि शेवटाची खूण) लावा आणि एंटर दाबा, वरची लाल पट्टी हिरवी झाली की सुरळीत चालेल. रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत रेंडर कॅश स्मार्टवर. फोर-के फुटेज असेल तर प्रॉक्सी (एडिटपुरती हलकी कॉपी) बनवा. मोबाईलचं फुटेज असेल आणि पट्टी मध्येच झटका मारत असेल तर तो वेगळा प्रकार, फोन फ्रेमरेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो. ते आधी हँडब्रेकमधून (व्हिडिओ बदलून देणारं फुकट सॉफ्टवेअर) कॉन्स्टंट फ्रेमरेटवर काढून घ्या, मग एडिटला घ्या.

१८. एकदा बनवलेलं परत वापरायला सेव्ह कसं करू? आणि नेटवर फुकट पॅक मिळतात ते घेऊ का?

प्रीमियरमध्ये इफेक्ट कंट्रोल्समधले इफेक्ट सिलेक्ट करून राइट क्लिक, सेव्ह प्रीसेट. तिथे प्रकार विचारतो, स्केल निवडलंत तर लेयर लहान-मोठा केला की कीफ्रेमही ताणल्या जातात, अँकर टू इन पॉइंट निवडलंत तर सुरुवातीपासूनचं अंतर तेच राहतं. ट्रान्झिशनला स्केल बरं. पण मॅट आणि रेघा प्रीसेटमध्ये येत नाहीत, म्हणून मी एक वेगळी सीक्वेन्सच ठेवलीये, तिथून सगळे ट्रॅक कॉपी करून आणते. रिझॉल्व्हमध्ये पॉवर बिन आहे, तिथे टाकलेलं सगळ्या प्रोजेक्टमध्ये दिसतं.

फुकट पॅक बनवणाऱ्याने स्वतः दिलेला असेल तर घ्या. पैसेवाला पॅक कोणीतरी फोडून टेलिग्रामवर टाकलेला असेल तर नको, सोबत काय येईल सांगता येत नाही, आणि लग्नाचा डेटा त्याच मशीनवर असतो.

१९. रीलसाठी उभ्या फ्रेममध्ये तेच वापरलं तर विचित्र दिसतं.

१०८० बाय १९२० मध्ये आडवा रस्ता छोटा आहे, तीच पट्टी अर्धी स्क्रीन व्यापते. पट्टी २५०-३०० ची करा, तिरकेपणा १५-२० डिग्रीपर्यंत वाढवा, फ्रेम १०-१२. एवढ्या तिरक्याला प्रश्न ४ मधला क्रॉप चालत नाही, त्याची कड सरळ असते आणि वर-खाली पट्टीच्या बाहेर येते, तिथे क्लिपलाही तिरका मास्क द्या. नाहीतर पट्टी आडवी करून खालून वर न्या. बोट वर सरकवूनच रील बघतात, त्याच दिशेने जाते.

२०. आयफोनच्या क्लिपवर काचेची रेघ एकदम पांढरीफटक होते, बाकी क्लिपवर ठीक आहे.

ती क्लिप एचडीआर आहे, म्हणजे त्यात नेहमीपेक्षा जास्त उजेडाची रेंज आहे. आधी टाइमलाइनची कलर स्पेस रेक ७०९ वर (नेहमीच्या एचडी व्हिडिओची) आणि क्लिप त्यात नीट बदलून घ्या, मग काच लावा. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक ट्रान्झिशनची ओपॅसिटी पुन्हा लावत बसावं लागेल. पुढच्या शूटला फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंदच करून ठेवा.

२१. लॅपटॉपवर मस्त दिसतं, व्हॉट्सॲपवर पाठवलं की काचेच्या जागी चौकटी चौकटी दिसतात.

व्हॉट्सॲप फाइल चेपतं आणि काचेत प्रत्येक फ्रेम वेगळा असतो, त्यामुळे पहिला बळी तिचा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि चेपलं जात नाही. यूट्यूबला टाकणार असाल तर १०८०, २५-३० फ्रेमला ते स्वतः ८ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) सुचवतात, मी १६ ला काढते, ते पुढे त्यांच्या पद्धतीने चेपणारच आहेत, निदान आपल्याकडून माल चांगला जावा.

२२. आवाज कुठला टाकायचा?

हलका सुळकन जाणारा हवेचा आवाज, आणि हवा तर शेवटी पेल्याला चमचा लागल्यासारखा बारीक किण्ण. घरीच रेकॉर्ड होतो. फ्रीसाउंडवर घेतलात तर प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगळं असतं, सीसी झीरो (कुठलीही अट नसलेलं) असेल तर बिनधास्त वापरा, नॉन कमर्शियल लिहिलेलं असेल तर पैसे घेतलेल्या कामात नको. सनईवर किण्ण टाकू नका, कानाला टोचतो.

२३. काच फुटून पुढचा शॉट येतो तसं करता येईल?

आफ्टर इफेक्ट्समध्ये शॅटर इफेक्ट आहे, त्याच्या पॅटर्नमध्ये ग्लास निवडा, फोर्सचा मध्य हलवा म्हणजे तुकडे कुठून उडतात ते बदलतं. व्ह्यू आधी वायरफ्रेमवर असतो, तो रेंडर्डवर केल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही, यावर फार मेसेज येतात. सोबत पांढरे फ्लॅश टाकत असाल तर एका सेकंदात तीनपेक्षा जास्त नकोत, काहींना त्याने झटका येऊ शकतो.

दहीहंडीला, क्रिकेटच्या व्हिडिओला खुशाल वापरा, हंडी फुटते तिथे तर चपखल बसतं. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत नको. काच फुटणं घरच्या मोठ्यांना अजिबात रुचत नाही, आणि व्हिडिओ सगळ्यात जास्त वेळा आजीच बघते.

२४. क्लायंट आधी म्हणाला भारी आहे, आता म्हणतो सगळ्या काचा काढा. परत पहिल्यापासून एडिट करू?

नाही करावं लागत, जर काचेचे लेयर वेगळ्या ट्रॅकवर असतील. व्ही-३ पासून वरच्या काचेच्या ट्रॅकचा डोळा बंद करा, व्ही-२ वरच्या क्लिपचा क्रॉप काढा, साधा कट उरतो. टायटल त्याच ट्रॅकवर असतील तर तीही जातील, म्हणून ती मी नेहमी व्ही-१० वर ठेवते. क्रॉप काढल्यावर कट ट्रान्झिशनच्या पहिल्याच फ्रेमला होतो, तो गाण्याच्या ठोक्यावर परत बसवावा लागेल, तेवढं काम आहेच. नेस्ट करून (बऱ्याच क्लिप एकाच क्लिपमध्ये गुंडाळून) ठेवलं असेल तर प्रत्येक नेस्ट उघडावी लागेल, म्हणून फायनल होकार येईपर्यंत नेस्ट करू नका.